लहान ठेवीदार आणि व्याजावरील कर

आजच्या भाषणाचा विषय ऐकण्यास रुक्ष आहे. कर, व्याज, मर्यादा, घोषणापत्र हे शब्द कानीं पडतांच पुष्कळांचें लक्ष दुसरीकडे जातें. आणि हें प्रकरण पैसेवाल्यांचें, आपणांस त्याच्याशीं काय करावयाचें, असें लहान मिळकतीचा मनुष्य म्हणून टाकतो. परंतु वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. श्रीमंताच्या पदरीं हिशेबनीस असतो, सल्लागार असतो. त्याचा एक रुपयाही चुकून कोठें अडकून राहत नाहीं. अडकतो तो शिलाईच्या यंत्रावर संसार चालविणाऱ्या बाईचा, निवृत्त शिपायाचा, हुपरीच्या चांदी-कारागिराचा आणि दोन म्हशींच्या दुधावर मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या कुटुंबाचा. म्हणून अशा लोकांना उद्देशूनच मी आज बोलणार आहें.

आरंभींच सारांश सांगतों. ज्याचें उत्पन्न कमी आहे त्यानें करमुक्त व्याज शोधीत हिंडण्याचें कारण नाहीं. त्याच्या ठेवीचें व्याज बहुधा करावांचूनच त्याच्या हातीं पडावें अशी कायद्याची योजना आहे. मात्र आपलें उत्पन्न कमी आहे ही गोष्ट त्यानें वेळेवर, लेखी आणि खरेपणानें बँकेस कळविली पाहिजे. बँकेला ती आपण होऊन ठाऊक नसते. कळविलें नाहीं म्हणजे नियमाप्रमाणें पैसे कापले जातात.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. आपल्या देशांत आधुनिक पद्धतीचा आयकर बसविला गेला तो १८६० सालीं. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरींत मोठी तूट पडली होती आणि ती भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं हा कर आणला. त्या वेळींही वर्षाला २०० रुपयांच्या आंत मिळकत असणारास करांतून वगळलें होतें. पुढें १८८६, १९२२ आणि १९६१ असे कायदे होत गेले; २०२५ सालीं संसदेनें आणखी एक नवा कायदा मंजूर केला व त्याच्या अंमलाचा दिवस १ एप्रिल २०२६ हा ठरविला. इतकीं स्थित्यंतरें झालीं, तरी एक रेषा असावी आणि तिच्या खालच्या माणसाकडे सरकारनें हात पसरूं नये, हें तत्त्व टिकून राहिलें.

ही रेषा कोठें आहे? २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेंत ४ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नास कर नाहीं. एवढेंच नव्हे, तर पगार, निवृत्तिवेतन, व्याज अशा साध्या उत्पन्नाची बेरीज १२ लाखांपर्यंत असली तरी सवलत मिळून देय कर शून्य होतो. ज्यांनीं मुद्दाम जुनी कररचना पत्करली असेल त्यांच्यासाठीं ही रेषा २॥ लाखांवर आहे. ६० वर्षें पुरीं झालेल्यांस ३ लाख आणि ८० वर्षें पुरीं झालेल्यांस ५ लाख. आणि तेथेंही ५ लाखांपर्यंत सवलतीनें कर शून्य होतो. या आंकड्यांकडे पाहिलें म्हणजे आमच्या पेठांतील व गांवांतील किती तरी घरें या रेषेच्या पुष्कळ खालीं आहेत हें ध्यानीं येईल.

मग पैसे कापले जातात ते कां? येथें दोन गोष्टींची गल्लत होते. कर ही एक गोष्ट आणि उगमाशीं होणारी कपात ही दुसरी. व्याज देणाऱ्या बँकेनें तें देतांनाच त्यांतील कांहीं भाग कापून सरकारांत भरावा, ही वसुलीची एक रीत आहे. मुदत ठेवींवरचें आणि आवर्ती ठेवींवरचें व्याज एका वर्षांत ५० हजारांच्या वर गेलें, तर बँकेनें १० टक्के कापावेत. ठेवीदार ६० वर्षांवरील असेल तर ही मर्यादा १ लाख. हे आंकडे १ एप्रिल २०२५ पासूनचे आहेत. त्यापूर्वीं ते अनुक्रमें ४० हजार व ५० हजार असे होते, आणि २०१९ च्या आधीं तर साधारण ठेवीदारास १० हजारांचीच मर्यादा होती. यावरून लहान ठेवीदाराचें ओझें कमी होत आलें आहे, हें कबूल केलें पाहिजे. बचत खात्यावरील व्याजांतून मात्र अशी कपात होत नाहीं.

या नियमांतील तीन बारकावे लक्षांत ठेवावेत. पहिला असा कीं, मर्यादा ओलांडली म्हणजे कपात केवळ ओलांडलेल्या भागावर होत नाहीं, सबंध व्याजावर होते. निवृत्त मनुष्याच्या १२ लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनीं ८४ हजार व्याज आलें तर कांहीं कापलें जाणार नाहीं. तीच ठेव १५ लाखांची असून व्याज १ लाख ५ हजार झालें, तर १० हजार ५०० रुपये जातील. दुसरा बारकावा असा कीं, एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत ठेवी वांटून कांहीं साधत नाहीं. संगणकानें सर्व शाखा जोडल्या गेल्यामुळें व्याजाची बेरीज एकत्र होते. तिसरा असा कीं, पांच वर्षांनीं एकदम पैसे मिळणाऱ्या ठेवीवरही व्याज दरसाल जमा धरलें जातें, आणि तें हातीं पडलेलें नसतांही कपात होते.

आतां आपल्या भागाचा विचार करूं. कोल्हापुरास सहकार नवा नाहीं. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दींत या चळवळीस राजाश्रय मिळाला. १९४३ सालीं येथें रत्नाकर बँक निघाली. १९६३ सालीं जिल्हा दूध संघ, ज्याला आपण 'गोकुळ' म्हणून ओळखतों, तो स्थापन झाला. आणि आज दुधाचें बिल, दिवाळीचा फरक, कारखान्याचें उसाचें बिल, हें सारें बँकेच्या खात्यांतून घरीं येतें. पूर्वीं भिशींत, सोन्यांत किंवा तांदुळाच्या डब्यांत राहणारी शिल्लक आतां पावतीच्या रूपानें बँकेंत राहते. ही चांगली गोष्ट आहे. परंतु पैसा बँकेंत आला म्हणजे बँकेचे नियमही घरांत येतात.

त्यासंबंधीं दोन समजुती या भागांत फार आढळतात. एक अशी कीं, आपण सहकारी बँकेचे सभासद आहोंत, तेव्हां आपल्या व्याजांतून कपात होत नाहीं. सभासदांच्या मुदत ठेवींना पूर्वीं ही सूट होती. १ जून २०१५ पासून सहकारी बँकांपुरती ती संपली. दुसरी समजूत अशी कीं, ऊस शेतीचा, शेतीचें उत्पन्न करमुक्त, म्हणून उसाच्या पैशांची ठेव ठेवली तर तिचें व्याजही करमुक्त. तसें नाहीं. उसाचें उत्पन्न शेतीचें. तो पैसा बँकेंत ठेवल्यावर त्यावर मिळणारें व्याज बँकेचें. दुधाचा धंदाही आयकर कायद्याच्या दृष्टीनें शेतींत मोडत नाहीं; त्याचा निव्वळ नफा उत्पन्नांत धरावा लागतो. हें ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. कारण सर्व मिळून बेरीज वर सांगितलेल्या रेषेच्या आंत असली म्हणजे कर शून्यच. परंतु बेरीज मात्र खरी केली पाहिजे.

एक उदाहरण घेऊं. समजा, गंगावेशींतील एक बाई आहेत, वय ५२. पति निवर्तले, आणि त्यांच्या नोकरीचे जे पैसे आले त्यांतून त्यांनीं १० लाख रुपये एका बँकेंत ७ टक्क्यांनीं ठेवले. वर्षाचें व्याज झालें ७० हजार. शिवाय त्या घरीं शिलाई करतात. त्यांत महिन्यास ८ हजार सुटतात, म्हणजे वर्षाचे ९६ हजार. एकूण उत्पन्न झालें १ लाख ६६ हजार. जुनी कररचना घ्या किंवा नवी, या बाईंकडून सरकारला एक पैसाही येणें नाहीं. तरीसुद्धां व्याज ५० हजारांच्या वर गेल्यामुळें बँक नियमाप्रमाणें ७ हजार रुपये कापील. त्यांच्या महिनाभराच्या शिलाईचे ८ हजार, आणि कापलेले ७ हजार! पॅन क्रमांक दिलेला नसेल तर कपात १० टक्क्यांऐवजीं २० टक्क्यांनीं होईल, म्हणजे १४ हजार. पांच वर्षें असेंच चाललें तर पॅन असूनही ३५ हजार रुपये, जे त्यांचेच होते, ते त्यांच्या घराबाहेर राहतील.

हे पैसे सरकारनें घेतले असें म्हणणें बरोबर नाहीं. ते त्या बाईंच्या नांवें जमा असतात. परंतु ते परत मिळविण्यासाठीं त्यांना आयकराचें विवरणपत्र भरावें लागेल. ज्यांनीं आयुष्यांत तो कागद पाहिलेला नाहीं, ज्यांच्या घरांत दुसरें कोणी नाहीं, त्या हें करीत नाहींत. 'कापले असतील कांहीं तरी सरकारचे' असें म्हणून त्या गप्प राहतात. खरें नुकसान येथें होतें.

यावर उपाय कायद्यानेंच ठेवला आहे. माझ्या एकंदर उत्पन्नावर यंदा कांहीं कर येत नाहीं, तरी व्याजांतून कपात करूं नये, असें घोषणापत्र ठेवीदारानें बँकेस द्यावयाचें. १९६१ च्या कायद्याखालीं ६० वर्षांच्या आंतील लोकांसाठीं त्याचा नमुना १५जी आणि ६० व त्यावरील लोकांसाठीं १५एच या नांवानें ओळखला गेला. २०२५ च्या कायद्यानें कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून बँकेच्या खिडकीपाशीं क्रमांकाचा हट्ट न धरतां, 'व्याजांतून कर न कापण्याविषयींचें घोषणापत्र द्यायचें आहे' असें सांगावें, आणि जो नमुना चालू असेल तो भरावा. त्यास फी नाहीं, दलाल लागत नाहीं.

तें केव्हां व कसें द्यावें? आर्थिक वर्ष सुरू होतांच, म्हणजे एप्रिल महिन्यांतच द्यावें; कारण एकदां कापून सरकारांत भरलेली रक्कम बँक परत देऊं शकत नाहीं. तें एका वर्षापुरतेंच असतें, म्हणून दरसाल द्यावें. दोन बँकांत ठेवी असतील तर दोन्हीकडे स्वतंत्र द्यावें. मध्येंच नवी ठेव ठेवली तर तीबद्दल पुन्हां विचारावें. पॅन क्रमांक अवश्य लिहावा; त्यावांचून घोषणापत्र निरुपयोगी. आधारशीं न जोडल्यामुळें जो पॅन निष्क्रिय झाला आहे तो नसल्यासारखाच समजावा. आणि एका प्रतीवर बँकेचा शिक्का व तारीख घेऊन ती ठेवीच्या पावतीबरोबर जपून ठेवावी.

मात्र श्रोतेहो, घोषणापत्र ही आपली साक्ष आहे, आणि साक्ष खोटी देणें हा गुन्हा आहे. त्यास कैदेची शिक्षा सांगितलेली आहे. म्हणून कोणी गर्दीच्या वेळीं कोरा नमुना पुढें करून 'येथें सही करा' असें म्हटलें तर सही करूं नये. आंतील मजकूर वाचावा, नाहींतर वाचवून घ्यावा. पगार, निवृत्तिवेतन, भाडें, धंदा, सर्व बँकांतील व पोस्टांतील व्याज, यांची बेरीज करावी आणि मगच सही करावी. ६० वर्षांच्या आंतील माणसासाठीं आणखी एक अट आहे: कर शून्य असून भागत नाहीं, तर त्याचें एकूण व्याजच करमुक्त रेषेच्या, म्हणजे नव्या रचनेंत ४ लाखांच्या, वर जातां कामा नये. लहान ठेवीदारास ही अट क्वचितच आड येईल.

याच्या उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. 'बँकेनें कांहीं कापलें नाहीं, म्हणजे माझें व्याज करमुक्त आहे' असें कित्येक समजतात. चार बँकांत ४५-४५ हजार व्याज मिळालें तर एकही बँक कांहीं कापणार नाहीं. तथापि १ लाख ८० हजार हें उत्पन्न आहेच, आणि तें बेरजेंत धरलेंच पाहिजे. तसेंच ज्यांचें उत्पन्न ४ लाखांच्या वर पण १२ लाखांच्या आंत आहे, त्यांना सवलतीमुळें कर लागला नाहीं तरी विवरणपत्र भरण्याचें कर्तव्य सुटत नाहीं. पत्नीच्या नांवें आपले पैसे ठेवून व्याज तिचें म्हणून दाखविण्याची युक्तिही व्यर्थ आहे. कायदा तें व्याज पतीच्याच उत्पन्नांत मिळवितो.

आतां जें व्याज मुळांतच करमुक्त आहे त्याविषयीं थोडें सांगतों. पोस्टाची बचत बँक आपल्या देशांत १८८२ सालीं निघाली. तिच्या बचत खात्याचें व्याज, २०११ च्या अधिसूचनेप्रमाणें, एकट्याच्या खात्यावर वर्षास ३,५०० व संयुक्त खात्यावर ७,००० रुपयांपर्यंत उत्पन्नांत धरलें जात नाहीं. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधि १९६८ च्या कायद्यानें आला. त्यांत वर्षास कमींत कमी ५०० व जास्तींत जास्त दीड लाख रुपये भरतां येतात, आणि त्याचें सर्व व्याज करमुक्त असतें. मुलींसाठीं २०१५ सालीं निघालेली सुकन्या समृद्धि योजना याच प्रकारची आहे. जुनी कररचना पत्करणारास बचत खात्याच्या व्याजापैकीं १० हजार, आणि वृद्धांस ठेवींच्या व्याजासह ५० हजार रुपयांची वजावट मिळते. नव्या रचनेंत ती नाहीं.

या योजना चांगल्या आहेत. परंतु ज्याला मुळीं करच नाहीं त्यानें केवळ 'करमुक्त' या शब्दावर भुलून त्यांच्याकडे धांवूं नये. भविष्यनिर्वाह निधीची मुदत १५ वर्षांची. कर वांचविणारी म्हणून बँका जी मुदत ठेव पुढें करतात ती पांच वर्षें मोडतां येत नाहीं, आणि तिचें व्याज तर करपात्रच असतें. आमच्या उदाहरणांतील बाईंना उद्यां औषधासाठीं किंवा मुलीच्या प्रवेशासाठीं पैसे लागले तर ते हातीं आले पाहिजेत. ज्यांना वांचवायला करच नाहीं त्यांनीं कर वांचविण्यासाठीं पैसे कुलुपांत घालणें, म्हणजे विहिरीवर राहून पाणी विकत आणण्यासारखें आहे.

याहून मोठा धोका निराळाच आहे. 'आमच्याकडे कपात नाहीं आणि व्याज दीड-दोन टक्के अधिक' असें सांगून कोणी ठेव मागूं लागला, तर त्याला प्रथम विचारावें कीं, या ठेवीस विमा आहे काय? बँकेंतील ठेवींना, आणि त्यांत सहकारी बँकाही आल्या, ठेव विमा महामंडळाचें संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेंत एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत. सहकारी पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवींना हें संरक्षण नाहीं. पुष्कळ पतसंस्था सचोटीनें चालतात, त्यांची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु वर्षाची ७ हजारांची कपात टाळण्यासाठीं १० लाखांचें मुद्दल विम्याबाहेर नेणें हा हिशेब कोणत्याही शाळेंत बरोबर ठरणार नाहीं, विशेषतः ती कपात एका घोषणापत्रानें टळत असतांना. १० लाख रुपये दोन बँकांत पांच-पांच लाखांच्या किंचित् आंत, व्याजाला जागा ठेवून, आणि उरलेले तिसरीकडे ठेवले, तर सर्वच रकमेस विमा राहतो. तसें केलें कीं प्रत्येक बँकेंतील व्याजही ५० हजारांच्या आंत येतें, आणि मर्यादेमुळेंच कपात होत नाहीं.

ज्यांचे पैसे आधींच कापले गेले असतील त्यांनीं निराश होऊं नये. बँकेकडून कपातीचें प्रमाणपत्र मागून घ्यावें, आणि त्या वर्षाचें विवरणपत्र ठरलेल्या तारखेच्या आंत भरावें; रक्कम थेट आपल्या बँक खात्यांत परत येते. फार जुन्या वर्षांचे पैसे मात्र मुदत टळल्यामुळें सहसा हातीं येत नाहींत; म्हणून हें काम पुढें ढकलूं नये.

शेवटीं एक विनंति, आणि ती या गोष्टी ज्यांना लिहितां-वाचतां येतात त्यांना आहे. आमच्या शाळांतून शिकून बाहेर पडलेलीं मुलें-मुली आज प्रत्येक गल्लींत आहेत. व्याजाचें गणित त्यांनीं पाटीवर पुष्कळ वेळां केलें आहे. तेंच गणित एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत शेजारच्या आजींच्या पावत्या पुढें घेऊन करावें. बेरीज मांडून दाखवावी, घोषणापत्र वाचून दाखवावें, सही त्यांचीच असूं द्यावी, आणि बँकेंत त्यांच्याबरोबर जावें. अर्ध्या दिवसाचें काम आहे. ज्या घरीं तें होईल त्या घरीं वर्षाचे पांच-सात हजार रुपये राहतील, आणि पुढच्या एप्रिलमध्यें त्या आजी कदाचित् दुसऱ्या कोणास तें समजावून सांगतील.